साडेचार ओळींचं झाकण

तुम्ही चोर आहात. नियंत्रक, देखरेख मंडळ, सदस्य सेवा कक्ष, स्वतःला काय म्हणवून घेता ते तुमचं तुम्हाला लखलाभ. माझ्या लेखी चोर. चोर तरी बरा, तो घरात शिरताना घाबरतो. तुम्ही मंगळवारी सकाळी सव्वाअकराला, मी एका म्हाताऱ्याची खालची कवळी घासत बसलो असताना, माझी नऊ वर्षं उचलून नेलीत आणि त्या जागी एक ओळ ठेवलीत : हा विषय उपलब्ध नाही. उपलब्ध नाही म्हणे. जसा काही दुकानातला साबण, संपला, पुढच्या आठवड्यात येईल. मी ती ओळ वाचली. बोटांना कवळीची गुलाबी भुकटी लागली होती ती मोबाईलच्या काचेवर उमटली, म्हणून काच शर्टाला पुसली आणि पुन्हा वाचली. मशीन चालूच होतं. हातातली कवळी चाकावर एका जागी जरा जास्तच टेकली आणि हिरडीला खड्डा पडला. आमच्याकडे मेणात दात बसवणाऱ्या एक बाई आहेत, माझ्याहून पाच वर्षांनी लहान, पण सगळे त्यांना मावशी म्हणतात. त्यांनी मान वर न करता विचारलं, "काय हो, जळका वास येतोय. कोणी गेलं का?" मी म्हटलं, "धागा गेला." "कसला धागा?" "चर्चेचा. दहा वर्षांचा." "मग दुसरा घ्या की," मावशी म्हणाल्या, आणि मेणाची सुरी दिव्यावर धरून पुन्हा कुणाच्यातरी सुळ्याकडे वळल्या. मी मशीन बंद केलं. आमच्या त्या खोलीत मशीन बंद झालं की एकदम कळतं, प्लास्टरचे जबडे फळीवर रांगेनं ठेवलेले आहेत आणि सगळेच्या सगळे उघडे आहेत, आणि त्यातला एकही काही बोलणार नाही.

तुम्ही हा खेळ कधी खेळला आहात का याचीच मला शंका आहे, म्हणून सांगतो. 'नावाडी' नावाचा व्हिडिओ गेम. सव्वीस वर्षांत नऊ भाग, आणि नऊच निघणार हे पहिल्यापासून ठरलेलं. एक नदी, नदीत बेटं, आणि प्रत्येक बेटावर काहीतरी बंद पडलेलं : कुठे घड्याळ, कुठे विहीर, कुठे राजाच. नावाडी येतो, कोडी सोडवतो, राक्षस असला तर मारतो, बंद पडलेलं चालू करतो आणि पुढे जातो. प्रत्येक भागाच्या सुरुवातीला नावाडी काठावर चिखलात जागा होतो आणि त्याला मागचं काहीही आठवत नसतं. झालं. एवढ्यावर सव्वीस वर्षं माणसं एकमेकांची उणीदुणी काढताहेत की हा एकच नावाडी नऊदा विसरतो, की नऊ वेगळे नावाडी आहेत. बनवणारे हुशार, त्यांनी आजवर ताकास तूर लागू दिली नाही. मी तुमच्या संकेतस्थळावर एकोणीस वर्षं सदस्य आहे, 'तळदगड' या नावानं. दहा वर्षांपूर्वी 'एक की नऊ' हा धागा मीच काढला. माझं म्हणणं, नऊ. ज्याला काहीच आठवत नाही तो तोच माणूस कसा? नुसता चेहरा सारखा म्हणून? चेहरे तर मी रोज बनवतो, खालचा अर्धा तरी. सुरुवातीला दोनशे लोक तुटून पडले होते त्या धाग्यावर. नकाशे काय, तक्ते काय, एकानं तर नावाड्याच्या कानाच्या पाळ्या मोजून काढल्या होत्या. मग त्यांची लग्नं झाली, नोकऱ्या बदलल्या, मणक्याची दुखणी निघाली, दुसरे खेळ आले. एकेक जण किनाऱ्याला लागला. उरलो दोघं. मी आणि 'उलटंवल्हं'.

उलटंवल्हं म्हणजे माझी ताई. हे तुम्हाला माहीत असायचं कारण नाही. आम्हीही हे एकमेकांना कधी सांगितलेलं नाही. अकरा वर्षं झाली, माझी सख्खी थोरली बहीण माझ्याशी बोलत नाही. पण 'उलटंवल्हं' 'तळदगड'शी बोलतं. रोज नाही, पण आठवड्यातून दोनदा तरी, आणि तुम्ही-आपण करून. "तळदगड, आपण लिहिण्याआधी जरा अभ्यास करत जावा." "उलटंवल्हं, आपल्या अभ्यासाचे दिवे आम्ही पाचव्या भागाच्या वेळी पाहिलेत." हे असं. घरात जिनं माझ्या पाठीत धपाटे घातले, मला ढब्बूखेरीज कशानं हाक मारली नाही, तिला मी नऊ वर्षं 'आपण' म्हणत होतो. आणि ओळख पटली ती कशी, तर धाग्याच्या दुसऱ्या वर्षी मी कुठेतरी लिहून गेलो की तिसऱ्या बेटावर तो मोठा काळा दगड आहे, आम्ही लहानपणी त्याला हेडमास्तर म्हणायचो. दोन दिवसांनी एक नवीन सदस्य उगवला. पहिलंच वाक्य : "हेडमास्तरच्या मागून वळसा घातला की वाळूत दुसरं वल्हं सापडतं. तळदगडना हे अजून माहीत नाही याचं नवल वाटत नाही." मी तेव्हा बसस्टॉपवर उभा होतो. बस आली, दार उघडलं, ड्रायव्हर म्हणाला, "येताय का नुसतंच बघताय?" मी नुसतंच बघत होतो. ते वल्हं तिनं मला सतरा वर्षं सांगितलं नव्हतं. मी शाळेत असताना एकटीनं पुढे खेळून ठेवायची आणि संध्याकाळी तोंडावरची माशी हलू न देता शेजारी बसून म्हणायची, अरेच्चा, इथे काय असेल बरं?

तर अशा माणसाला तुम्ही उचलून फेकलंत. मी त्याच दुपारी तुम्हाला तक्रार लिहिली. उत्तर एका मिनिटात आलं, म्हणजे माणसानं लिहिलेलं नव्हतं. "प्रिय तळदगड, आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे." मोलाचा आहे तर फडक्यात बांधून ठेवा, मला काय सांगता? दुसरी तक्रार लिहिली. पुन्हा मोलाचा. तिसऱ्या खेपेला मी तुमचे नियमच वाचून काढले, जे आजवर कोणी वाचले नसतील, लिहिणाऱ्यानंसुद्धा. नियम अकरा : सलग बारा महिने एखाद्या विषयावर दोनच सदस्य लिहीत असतील तर तो विषय खाजगी संभाषण समजला जाईल व हटवता येईल. वाचून माझ्या कानशिलात रक्त चढलं. दोन माणसं म्हणजे चर्चा नव्हे? मग किती माणसं म्हणजे चर्चा? दोनशे जण कानाच्या पाळ्या मोजत होते तेव्हा ती चर्चा, आणि दोघं जण जिवावर उदार होऊन नऊ वर्षं एकाच प्रश्नाला चिकटून बसले ते खाजगी? मी हे सगळं तुम्हाला लिहिलं. मोठ्या अक्षरांत लिहिलं, तेही नियम सातनुसार निषिद्ध आहे, तेही माहीत होतं. घरी बायको म्हणाली, "अहो, अंगठा दुखेल. ताईंचा नंबर आहे ना तुमच्याकडे? लावा फोन आणि संपवा एकदाचं." मी म्हटलं, तुला नाही कळायचं. ती म्हणाली, "मला एवढं कळतं की लोक बोलायला फोन घेतात." तिच्याशी वाद घालण्यात अर्थ नसतो, ती दर वेळी बरोबर असते आणि मग भाजी चिरायला लागते.

नंबर आहे. अकरा वर्षांत चार मोबाईल बदलले, चारही वेळा तो मी हातानं नव्या मोबाईलमध्ये घातला. कधी लावला नाही. तो लागतो की नाही हेही माहीत नव्हतं. लावायचा म्हटलं की ती खोली समोर यायची. बाबांची खोली. बाबा लिफ्ट दुरुस्त करायचे, हयातभर दुसऱ्यांना वर-खाली केलं आणि शेवटची चार वर्षं एका खोलीत सपाट. सुरुवातीला चष्मा विसरले, मग रस्ता, मग नावं. ताई नोकरी सोडून त्यांच्याजवळ राहायला गेली. मी दोन बस बदलून दर रविवारी जायचो. मग महिन्यातून एक रविवार. मग एका रविवारी मी आत गेलो तर बाबा उठून उभे राहिले, मला खुर्ची पुढे केली आणि फार अदबीनं म्हणाले, "बसा ना. आपण कोणाकडे आलात?" मी बसलो. चहा प्यालो. परक्या माणसासारखी हवापाण्याची चौकशी केली. खाली उतरताना जिन्यात मला घाम फुटला होता आणि एक विचित्र सुटकेची भावना अंगभर पसरत होती, अंगावरचा ओला कपडा काढल्यासारखी. त्यानंतर सात महिने मी गेलो नाही. ताईला फोनवर सांगितलं, ते आता बाबा राहिलेलेच नाहीत, तो दुसराच कोणीतरी माणूस आहे, त्याच्यासाठी मी येऊन काय करू?  ती म्हणाली, "बरं." आणि मग बाबा गेलेच.

आठवड्यानं ती खोली रिकामी करायला आम्ही जमलो. दोन काका, एक आत्या, जुने डबे, औषधांच्या बाटल्या. मी शोधत होतो आमचं जुनं यंत्र, ज्यावर आम्ही पहिले दोन 'नावाडी' खेळलो. यंत्र गेलं खड्ड्यात, पण त्यात एक बोटभर कार्ड होतं आणि त्या कार्डात आमच्या दोघांचा जतन केलेला खेळ होता, एकशे चौदा तासांचा. त्यातला काही वेळ बाबांचाही होता, एकदा त्यांनी हौसेनं हातात घेऊन पहिल्याच वळणावर होडी बुडवली होती आणि इतके हसले होते की त्यांना ठसका लागला. ताई चादरींच्या घड्या घालत होती. म्हणाली, "ते? ते भंगारवाल्याला दिलं रे. मागच्या वर्षीच. पलंग हलवायला जागा हवी होती." आणि मी सगळ्यांसमोर म्हणालो, "चार वर्षं नुसती बसून होतीस, एवढं एक जपता आलं नाही तुला?" बसून होतीस. हाच शब्द. जी रात्रंदिवस त्या देहाची कूस बदलत होती तिला. तिनं हातातली अर्धवट घडी घातलेली चादर माझ्या हातावर ठेवली, फार हळू ठेवली, आणि आतल्या खोलीत गेली. आत्या म्हणाली, "जीभ आहे की कात्री?" काका खिडकीबाहेर बघू लागले. मी ती चादर घेऊन किती वेळ उभा होतो मला आठवत नाही. तिच्या उशाकडच्या भागात एक पिवळा डाग होता, आणि मी ज्याला दुसरा माणूस म्हणत होतो त्याच्या केसांच्या तेलाचा वास मला अगदी ओळखीचा वाटला.

म्हणून मला त्या धाग्याबद्दल नियम शिकवू नका. 'एक की नऊ' हा प्रश्न तुम्हाला खेळातला वाटतो. ती म्हणायची, एकच. "आठवत नसेल त्याला. पण होडी बांधताना तो गाठ दोनदा ओढतो. पहिल्या भागात ओढतो, चौथ्यात ओढतो, आठव्यात तर हाताला जखम असताना ओढतो. डोळे उघडून बघा. ज्याची सवय शिल्लक आहे तो माणूस शिल्लक आहे." मी तिला उत्तर दिलं की गाठीचं चित्र एकदाच काढून प्रत्येक भागात तेच वापरलं असणार, बनवणाऱ्यांचा आळस. त्यावर ती तीन आठवडे काही लिहीत नव्हती. बाबा बुटांची नाडी बांधली की दोनदा ओढायचे. शेवटी बूट नव्हते तर पायजम्याची नाडी. मला हे कळत नव्हतं असं समजू नका. पहिल्या दिवसापासून कळत होतं. कळत होतं म्हणूनच मी 'नऊ' सोडलं नाही. कारण एकच आहे असं मान्य केलं, तर त्या रविवारी मला खुर्ची देणारे बाबाच होते, आणि मग त्या सात महिन्यांना काय नाव द्यायचं? हे तिनं मला कधी विचारलं नाही. ती नावाड्याबद्दल विचारत राहिली. मी नावाड्याबद्दल उत्तरं देत राहिलो. अशी नऊ वर्षं, साहेब. तुमच्या भाषेत, खाजगी संभाषण.

नववा, म्हणजे शेवटचा भाग आला. यात सगळ्याचं उत्तर आहे म्हणे. जगभर आनंदीआनंद.  उत्तर मिळालं म्हणजे वाद संपला; वाद संपला म्हणजे मी ताईशी कशावर बोलू? म्हणून मी चौथ्या बेटावर थांबलो. त्या बेटावर मासे पकडता येतात, त्याचा खेळाशी काही संबंध नाही, नुसता गळ टाकून बसायचं. मी बसलो. रविवारी सकाळी चहा घेऊन बसायचो आणि जेवणाच्या हाकेपर्यंत मासे पकडायचो. बायको म्हणायची, "राक्षस कंटाळून निघून गेला असेल." ताईनं अर्थातच दोन आठवड्यांत संपवला. आणि धाग्यावर लिहिलं : "तळदगड, तुम्ही संपवलंत की हे उघडा. त्याआधी नको." आणि खाली झाकण. झाकण म्हणजे काय ते तुम्हाला तरी सांगायला नको, तुमचाच शोध : शेवट आधी कळू नये म्हणून मजकुरावर काळी पट्टी, बोट लावलं की पट्टी सरकते आणि खालची अक्षरं दिसतात. नुसतं बोट. एकोणीस वर्षांत मी एकही झाकण वेळेआधी उघडलेलं नाही. माझा खेळ संपला नसेल तर मी दुसऱ्याचं झाकण उघडत नाही. हे आमच्यातलं इमान आहे, आमच्यासारख्या रिकामटेकड्यांना तेवढंच असतं. पण हे झाकण साडेचार ओळींचं होतं. मी मोजलं. बायकोच्या मोबाईलवरही उघडून मोजलं, तिथे पाच भरलं. ताई एका ओळीत टोमणा मारते आणि निघते. शेवट चांगला होता की वाईट, एक निघाला की नऊ, हे सांगायला तिला चार शब्द पुरले असते. मग उरलेल्या चार ओळींत काय होतं? मी रोज दुपारी जेवणाच्या सुट्टीत ती काळी पट्टी उघडून बसायचो, म्हणजे तिच्यासमोर बसायचो, हात लावायचो नाही. मावशी एकदा डोकावून म्हणाल्या, "बिघडला का मोबाईल? काळं पडलंय ते." मला भीती एकाच गोष्टीची होती, की पट्टी सरकवावी आणि खाली 'तुम्ही'च्या जागी 'तू' निघावं. सात आठवडे. आणि मग मंगळवारी तुम्ही ती पट्टी, तिच्या खालचं सगळं आणि तिच्या वरची नऊ वर्षं घेऊन गेलात.

शुक्रवारी दुपारी तुमच्यापैकी एक माणूस अखेर जागा झाला. 'देखरेख-चार'. मी तोवर तुम्हाला अकरा तक्रारी लिहिल्या होत्या, शेवटची तर शिव्यांची. त्यानं लिहिलं, "काका, जरा शांत व्हा. नियम अकराचा काही संबंध नाही. तो आम्ही कधी लावतच नाही." मी विचारलं, "मग कुणाच्या परवानगीनं काढलात?" उत्तर यायला वेळ लागला. जिन्याच्या खिडकीत उभा होतो, खाली कुणीतरी सायकलची चेन बसवत होतं. मग आलं : "दुसऱ्या सदस्याची विनंती होती. उलटंवल्हं यांची. त्यांनी सोमवारी आपला सगळा मजकूर काढून टाकायला सांगितलं. अर्धा मजकूर गेल्यावर उरलेल्याला अर्थ नव्हता, म्हणून विषयच काढला. प्रत ठेवत नाही आम्ही." मी लिहिलं, खोटं आहे. त्यानं त्यांच्या विनंतीची एक ओळ मला पाठवली. पाठवायला नको होती, ते नियमात बसत नाही, तरी पाठवली. "समोरच्यांनी वाचलं आणि त्यांना उत्तर द्यायचं नाही, हे मला समजलं आहे, तेव्हा हे आता इथे राहू नये." आणि त्याच्या खाली या 'देखरेख-चार'नं स्वतःच्या मनानं लिहिलं, "काका, तुम्ही दोघं एकमेकांचे फोन नंबर का नाही घेत?"

वाचलं. समोरच्यांनी वाचलं. मी वाचलेलं नाही! मी ओरडलोच असणार, कारण मावशी सुरी हातात घेऊन दारात आल्या. मी वाचलेलं नाही, मी इमानानं सात आठवडे हात लावला नाही, आणि ही बया ठरवून मोकळी की मी वाचलं? कशावरून? आणि हे 'कशावरून' डोक्यात उमटलं तेव्हा उत्तर माझं मलाच सापडलं. आता ती गोष्ट सांगितलीच पाहिजे जी मी वर सांगितली नाही, कारण तिची मला लाज वाटते. महिन्यापूर्वी, 'शेवटाविषयी' नावाच्या दुसऱ्या एका धाग्यावर कुणा उपटसुंभानं लिहिलं, "तळदगड काका अजून चौथ्याच बेटावर? वल्हं पेलवेना वाटतं." एकोणीस वर्षांचा जुना सदस्य मी. मला झोंबलं. मी इतरांच्या लिहिण्यातून चार वाक्यं उचलली आणि ठोकून दिलं : "संपवून पंधरा दिवस झाले. शेवट पार फसलाय. आठव्या बेटानंतर लेखकाचा दम संपला. यासाठी सव्वीस वर्षं थांबलो नव्हतो." एकोणीस जणांनी त्यावर पसंतीचा अंगठा उमटवला. मला बरं वाटलं. आठव्या बेटावर काय आहे हे मला आजही माहीत नाही. बोट न लावण्याचं इमान सांभाळलं ते झाकणापुरतं. तोंड मात्र दुसरीकडे जाऊन मोठेपणा मिरवून आलं. ताईनं ते वाचलं असणार. ती माझं सगळं वाचते, चुका काढायला का होईना. तिला कळलं की ढब्बूनं खेळ संपवला, म्हणजे झाकण उघडलं, म्हणजे त्या साडेचार ओळी वाचल्या, आणि त्यावर महिनाभर एक शब्द नाही. उलट जगासमोर ऐटीत लिहितो, शेवट फसलाय.

मावशींनी विचारलं, "आता तरी कोणी गेलं का?" मी म्हटलं, "नाही. मीच माती खाल्ली." "खाल्लीत तर चूळ भरा," त्या म्हणाल्या, आणि मग माझ्याकडे नीट बघून जरा हळू आवाजात म्हणाल्या, "जा, बाहेर जाऊन या. खालच्या जबड्याचं मी बघते."  एक मजला खाली उतरलो, पुन्हा वर आलो, पुन्हा खाली. हात पँटला पुसले तरी गुलाबी भुकटी जाईना. तुमच्यावरचा राग अंगात तसाच होता, पण तो आता कुणावर धरायचा ते समजेना. रिकामं भांडं हातात घेऊन उभं राहावं तसं. तुमची माफी मी मागणार नाही. प्रत ठेवायला हवी होती तुम्ही. माणसं एकमेकांना काय म्हणाली याची प्रत कुणीतरी ठेवायला हवी, ते काम तुमचं होतं, ते तुम्ही केलं नाहीत. पण उत्तर तुमच्याकडे नाही, हे मला त्या जिन्यात, तिसऱ्यांदा खाली उतरताना कळलं, आणि मी तो नंबर लावला.

वाजला. म्हणजे चालू होता. सहाव्या घंटेला उचलला. मागे कुत्री भुंकत होती. ती आता एका प्राण्यांच्या डॉक्टरकडे काम करते, हे आत्यानं कधीतरी सांगितलं होतं.

"हॅलो? कोण?"

अकरा वर्षांत आवाज थोडा जाड झालाय. मला माझं नाव घेता येईना. मी म्हटलं, "तळदगड बोलतोय."

कुत्री भुंकत राहिली. मग तिनं कुठलंसं दार लोटलं असावं, भुंकणं लांब गेलं.

"बोला," ती म्हणाली.

"मी संपवलेला नाही."

"काय?"

"खेळ. चौथ्या बेटावर आहे. मासे पकडतोय."

"तिकडे तर लिहिलं होतंत, शेवट फसलाय म्हणून. आठवं बेट म्हणून."

"थापा मारल्या."

"थापा?"

"एका पोरट्यानं डिवचलं. म्हणून."

पलीकडे तिचा श्वास ऐकू आला. नाकातून जोरात सोडलेला, लहानपणी मी होडी खडकावर घातली की सोडायची तसा.

"म्हणजे ते उघडलंच नाहीत?"

"नाही."

"सात आठवडे?"

"सात आठवडे आणि वर दोन दिवस. रोज बघत होतो. हात लावला नाही."

"का?"

"तू लिहिलं होतंस ना, संपवल्यावर उघडा."

  मग ती म्हणाली, "गाढव आहेस तू, ढब्बू." आणि तिचा आवाज मध्येच मोडला, आणि मोडला म्हणून ती चिडली. "लोक पहिल्याच दिवशी उघडतात रे. सगळे उघडतात. मी तरी कधी थांबले होते का? मला वाटलं, तू पण उघडलं असशील त्याच दिवशी. मग वाटलं, नसेल. मग तुझं ते फसलाय वाचलं."

"चुकलं माझं."

"कुठलं?"

हे तिनं फार शांतपणे विचारलं. जिन्याच्या कठड्याला मी हात लावला होता, तो गार होता. मला वाटलं, थापेचं म्हणावं आणि सुटावं. तोंडात तेच आलं होतं.

"बसून होतीस म्हणालो ते," मी म्हटलं. "आणि गेलो नाही ते. सात महिने. बाबाच होते ते, ताई. मला माहीत होतं."

वरच्या मजल्यावर मशीन सुरू झालं. मावशींनी माझी कवळी हातात घेतली असावी.

"जाऊ दे आता," ती म्हणाली. "काढून टाकलंय मी. नाही राहिलं काही त्यात. माझं जेवण व्हायचंय, दोन मांजरी थांबल्यात ऑपरेशनला."

"थांबू देत मांजरी."

"अरे—"

"नाही, जाऊ दे बिऊ दे काही नाही. अकरा वर्षं जाऊ दिलं. साडेचार ओळी होत्या, मला त्यातलं अक्षर माहीत नाही आणि आख्ख्या जगात ते फक्त तुला माहीत आहे. माझा खेळ संपला नाही तरी चालेल, शेवट कळला तरी चालेल. शिव्या असतील तर शिव्या दे. पण मी हा फोन ठेवणार नाही. काय लिहिलं होतंस तू मला? पहिल्या ओळीपासून सांग."